तीन तास उकळलेली फरसबी

येताना काहीही आणू नकोस, हे केल्सीने फोनवर दोनदा बजावलं होतं. ओहायोच्या त्या गावात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. ज्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही तो निदान दुकानातला पाव तरी काखोटीला मारून जातो. डार्लाने सवयीने आदल्या दिवशी भोपळ्याचा केक विकत आणला होता. तो तिने निमूटपणे स्वतःच्याच फ्रीजमध्ये ठेवला आणि गाडी काढली. अकरा महिन्यांनी लेकीने घरी बोलावलं होतं. तिथे दगड वाढले असते तरी डार्ला जेवून आली असती.

अकरा महिन्यांपूर्वी नात हेझल पाच वर्षांची झाली, त्या दिवशी दुपारी ती डार्लाकडे होती. डार्लाने तिला गाडीतूनच खिडकीवर घेतलेले चिकनचे तळलेले तुकडे खाऊ घातले आणि वर निळ्याभोर क्रीमचा केक. संध्याकाळी केल्सी न्यायला आली तेव्हा पोरीचे दात निळे झाले होते. केल्सी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझं जे केलंस ते हिचं करू देणार नाही," एवढंच म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. त्यानंतर फोन नाही, नाताळ नाही, काही नाही.

आता यात डार्लाचं काय चुकलं, हे डार्लाला आजही नीट कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळच्या कुणालाच कळलं नसतं. नवरा निघून गेला तेव्हा केल्सी दोन वर्षांची होती. डार्ला गाड्यांचे आरसे बनवण्याच्या कारखान्यात दुपारी तीन ते रात्री अकरा उभी असायची. मॅकरोनीचे खोके, पुठ्ठ्याच्या ताटलीत गोठवलेली आयती जेवणं, सोड्याच्या बाटल्या. सात वर्षांची केल्सी खुर्चीवर चढून मायक्रोवेव्हची बटणं दाबायची आणि कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, पोरगी हुशार आहे गं तुझी. सगळ्यांच्याच घरी तसं होतं. माझी पोर एक दिवस उपाशी झोपली नाही, हा डार्लाचा अभिमान होता, आणि दुसरा कुठला अभिमान तिच्याजवळ फारसा नव्हताच.

पण त्या पोरीला बाराव्या वर्षी शाळेच्या बँडचा गणवेश अंगात जाईना. सव्विसाव्या वर्षी हेझल पोटात असताना रक्तात साखर निघाली आणि रोज पोटाला सुई टोचून घ्यावी लागली. आहार सांगणाऱ्या बाईने विचारलं, लहानपणी काय काय खात होतीस? केल्सी सांगत गेली आणि ती बाई लिहिता लिहिता थांबली, मान वर करून नुसती बघत राहिली. ती नजर केल्सीने जपून ठेवली. कधीही भांडण झालं की तीच काढायची.

मग तिने सगळं उलटं करायला घेतलं. परसात कोंबड्या आल्या, आंबवलेल्या पिठाचे पाव आले, भाजीचे वाफे आले. मायक्रोवेव्ह गेला. तोंडात सारखं आजीचं नाव. आजी असं करायची, आजी तसं खायची. आजी म्हणजे डार्लाची आई आर्डिथ. ती गेली तेव्हा केल्सी नऊ वर्षांची होती. त्यामुळे तिच्याजवळ आजीचा एक फोटो, आठवणीतला एक वास आणि पाककृतींच्या कार्डांचा एक पत्र्याचा डबा, एवढंच होतं. डबा डार्लानेच दिलेला. आपल्याकडे लेकीला हवंसं वाटेल असं काहीतरी निघालं, याचा तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

घरात शिरताच टर्कीचा वास आला आणि हेझल येऊन पायांना बिलगली. पोर चार बोटं उंच झाली होती. केल्सीने गालाला गाल लावला, थोडं अंतर ठेवून, पण लावला. जावई ट्रॉय गणवेशातच होता. तो तुरुंगावर पहारेकरी, आणि कैद्यांना काही सणाची सुट्टी नसते. त्याचं ताट झाकणाच्या डब्यात भरून तयार होतं. "आलात ते फार छान केलंत, डार्ला," तो दारात हळूच म्हणाला. "दोन दिवस नुसती तयारी चाललीय तिची. तुम्हाला दाखवायचंय सगळं." मग तो गेला आणि टेबलावर तिघी उरल्या.

दाखवायचं होतं हे खरंच. जेवायच्या आधी केल्सीने तिला तळघरात नेलं. लाकडी फळ्यांवर बरण्या ओळीने उभ्या होत्या. टोमॅटो, पीच, काकडीचं लोणचं, आणि खालच्या दोन फळ्यांवर नुसती फरसबी, हिरवीगार, सगळ्या शेंगा एका मापाच्या. डार्लाला आपली आईच पाठमोरी उभी आहे असं वाटलं. तिने मनापासून कौतुक केलं, आणि केल्सीचे कान लाल झाले. लहानपणी शाबासकी मिळाली की तसेच व्हायचे.

"ही फरसबी कशात उकळलीस?" डार्लाने सहज विचारलं. खरोखरच सहज.

"आजीच्या निळ्या पातेल्यात. तूच दिलं होतंस ना. आजीच्या कार्डावर आहे तसंच, बंद बरण्या पाण्यात बुडवून तीन तास. एक मिनिट कमी नाही."

डार्लाला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच उमगलं नाही. ती जिना चढून वर आली, खुर्चीवर बसली, मांडीवर रुमाल पसरला. केल्सीने फरसबीची कोशिंबीर टेबलावर आणली. बरणीतल्या शेंगा निथळून तशाच थंड, वर कांदा, अक्रोड, तेल. आणि तेव्हा डार्लाला गालावरची चपराक आठवली.

आर्डिथने आयुष्यात तिच्यावर एकदाच हात उचलला होता. डार्ला आठ वर्षांची असेल. ओट्यावर फरसबीची उघडलेली बरणी होती आणि तिने बोटाने एक शेंग ओढून तोंडाकडे नेली होती. चपराक बसली, शेंग जमिनीवर पडली, आणि मग आईनेच तिला छातीशी घट्ट धरलं. पलीकडच्या रस्त्यावर क्रॅमर म्हणून कुटुंब होतं, तिने सांगितलं. आईच्या लहानपणी, आईच्याच वर्गातली मुलगी होती त्यांची. एका रविवारी जेवायला बसले आणि त्या आठवड्यात त्या घरातून चार शवपेट्या निघाल्या. बरणीतली फरसबी होती. वास नाही, चव नाही, झाकण फुगलेलं नाही. नुसत्या उकळत्या पाण्यात ते विष मरत नाही, फळं आणि टोमॅटो आंबट म्हणून चालतात, शेंगांना वाफेच्या दाबाचा मोठा कुकरच लागतो. आणि कुकरमधून काढलेली बरणीसुद्धा, उघडली की पुन्हा चुलीवर रटरटून उकळल्याशिवाय जिभेला लावायची नाही. म्हणून तर आर्डिथची फरसबी नेहमी डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर लगदा होईपर्यंत शिजलेली असायची, आणि डार्लाला ती मुळीच आवडत नसे.

कार्ड आर्डिथचं नव्हतंच. तिच्या आईचं होतं, क्रॅमरांच्या आधीच्या काळातलं. आर्डिथने ते डब्यात तसंच राहू दिलं, कारण तिला कार्ड बघायची गरज नव्हती. तिचं सगळं हातात होतं. ते पुढे जायचं तर डार्लाच्या हातात जायला हवं होतं, आणि डार्लाने तर आई गेल्यावर तो अजस्र कुकर अंगणात जुन्या सामानाच्या विक्रीला मांडला होता. कोण नेतंय हेही तिने पाहिलं नव्हतं. निळं पातेलं तेवढं दिसायला बरं म्हणून ठेवलं.

"थंडच खायची का गं ही?" डार्ला म्हणाली. "आजी जरा गरम करायची. म्हणजे पुन्हा उकळायची."

"आणि सगळं सत्त्व घालवायची का? आई, ती जुनी माणसं सगळंच मारून टाकायची शिजवून. कृती तिची, शिजवायची पद्धत आत्ताची."

"नाही, मला वाटतं ते काहीतरी—"

केल्सीने वाढता वाढता हात थांबवला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते मागे सरायला लागलं होतं. "आई, प्लीज. अठरा वर्षं खोक्यावरची कृती वाचून मला वाढवलंस. आज एक दिवस मला शिकवू नकोस."

ती हे चिडून म्हणाली नाही, थट्टेत म्हणाली. पण त्या थट्टेच्या मागे दार होतं आणि दाराच्या कडीवर केल्सीचा हात होता. हे दार एकदा लागलं की किती महिने लागतं ते डार्लाला पाठ होतं. आणि बोलायचं तरी कशाच्या जोरावर? पन्नास वर्षांपूर्वीच्या चपराकीच्या? या मुली तर सगळं फोनवर बघून करतात, त्यांना काय माहीत नसणार, असं तिने स्वतःला सांगितलं. आताची झाकणं वेगळी असतील. तीन तास म्हणजे काय थोडे झाले? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही. डार्लाने मूग गिळले.

गप्प बसली असती, तेवढंच केलं असतं, तर पुढे तिला स्वतःला माफ करायला जागा राहिली असती. पण तिच्या हाताने आणखी एक गोष्ट केली. केल्सी ओव्हनमधून पाव काढायला वळली तेव्हा हेझल कुजबुजली, "आजी, मला नकोत या शेंगा." डार्लाने काट्याने तिच्या ताटातली एकूण एक शेंग उचलून आपल्या ताटात घेतली. मग आपल्या ताटातल्या सगळ्या कुस्करलेल्या बटाट्याखाली ढकलल्या. पोरीचा काटा तिने रुमालाने पुसला. नंतर ताटं उचलायला तीच आधी उठली आणि आपलं ताट तिने स्वतः कचऱ्यात खरवडलं.

केल्सीने दोनदा घेतली. रिकामी ताटं पाहून तिचे डोळे भरून आले.

"खाल्लीस तू," ती म्हणाली. "मला वाटलं होतं नाकं मुरडशील. रविवारी पण ये ना, आई. हेझललाही बरं वाटेल."

डार्ला हो म्हणाली. गाडीत बसल्यावर ती आनंदाने रडली, हे खोटं नाही. घरी जाईपर्यंत तिच्या मनात रविवार होता, फरसबी नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी केल्सीला एकाचे दोन दिसायला लागले. दोन दिवसांच्या धावपळीने डोकं धरलंय असं ती म्हणाली. गावातल्या हॉस्पिटलातही तेच म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. डार्लाला कुणी कळवलं नाही, कळवण्यासारखं काय होतं? शनिवारी सकाळी तिच्या पापण्या खाली आल्या त्या वर जाईनात, जीभ जड झाली, पाणी नाकातून परत आलं. ट्रॉयने तिला कोलंबस शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून डार्लाला फोन केला. मेंदूचा झटका असावा म्हणतात, एवढ्या तरुण वयात, डार्ला, तो रडत सांगत होता.

"फरसबी," डार्ला म्हणाली. "ट्रॉय, डॉक्टरांना सांगा बरणीतली फरसबी होती. पाण्यात उकळलेली. आत्ताच्या आत्ता सांगा."

त्या एका वाक्याने डॉक्टरांची धावाधाव दुसऱ्या दिशेने सुरू झाली. विषावरचं औषध दुसऱ्या राज्यातून विमानाने आलं. पण ते औषध विष पुढे सरकू देत नाही एवढंच. जिथवर पोचलं तिथून ते मागे घेता येत नाही. तोवर ते छातीपर्यंत पोचलं होतं. केल्सीच्या घशात नळी गेली आणि तिच्या वतीने यंत्र श्वास घ्यायला लागलं. किती दिवस, असं ट्रॉयने विचारलं. महिने म्हणा, डॉक्टर म्हणाले. आणि एक लक्षात ठेवा, तिला सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. फक्त एकही स्नायू हलत नाही. ट्रॉयला स्वतःला काही झालं नव्हतं. त्याने आपला डबा तुरुंगातल्या मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत तापवला होता, कोशिंबिरीसकट सगळा काला करून. त्यानेच वाचलात बहुतेक, असं त्याला सांगण्यात आलं.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची एक बाई डार्लाकडे आली. तळघरातल्या बरण्या त्यांनी नेल्या होत्या. आता ती कोणी काय किती खाल्लं याचा तक्ता भरत होती. तिने विचारलं, तुम्ही शेंगा खाल्ल्या? नाही. नातीने? नाही. का बरं? "आम्हा दोघींना आवडत नाहीत," डार्ला म्हणाली, आणि बाईने ते लिहून घेतलं. जाताना तिने डार्लाचा हात हातात घेतला. "तुम्हाला वेळेवर आठवलं म्हणून औषध मागवता आलं. नाहीतर ती गेली असती. तुम्ही मुलीचा जीव वाचवलात."

मग सगळेच तसं म्हणायला लागले. ट्रॉय गळ्यात पडून म्हणाला. चर्चमधल्या बायका चमकत्या कागदाने झाकलेली ओव्हनमधली तयार जेवणं घेऊन रांगेने आल्या आणि म्हणाल्या, आईचं काळीज ते, त्याला बरोबर समजतं. तुम्हाला आठवलं, तुम्हाला आठवलं. कधी आठवलं, हे एकानेही विचारलं नाही. डार्ला नुसती मान हलवायची.

हेझल तिच्याकडेच राहायला आली. ज्या घरात तिने पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलं होतं, त्याच घरात. पोर प्रत्येक जेवणाला ताटाकडे बघून विचारायची, "हे आईला चालेल का?" चर्चच्या बायकांची जेवणं बाहेरच्या बाहेर गेली, कारण त्यांत काय होतं ते डार्लाला माहीत नव्हतं. ती दुकानात अर्धा अर्धा तास उभी राहायची, खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचायची आणि शेवटी बटाटे, अंडी, ओट असं काहीतरी घेऊन यायची. मग पातेल्यासमोर उभी राहून ते इतकं उकळायची की पोरगी म्हणायची, आजी, आता पुरे.

तेराव्या दिवशी केल्सीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हललं. नर्सने लगेच पद्धत ठरवून दिली. आपला तळवा तिच्या बोटाखाली ठेवायचा आणि विचारायचं. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. ट्रॉय त्या दिवशी तासभर विचारत बसला. दुखतंय का? नाही. हेझलला आणू? नाही. तू तिला अशी दिसायला नकोस म्हणून? हो. ती तुझ्या आईकडे आहे, चालेल ना? त्यावर बराच वेळ काही नाही, आणि मग एकदा. हो. ट्रॉय हसत हसत डार्लाला सांगायला बाहेर आला. "तुमच्यावर विश्वास टाकलाय तिने," तो म्हणाला.

हे डार्लाला सहन झालं नाही. शिव्या सहन झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉय जेवायला खाली गेला तेव्हा ती आत गेली आणि दार लोटलं. केल्सीच्या पापण्या मिटलेल्या होत्या, चेहरा गुळगुळीत, राग नाही, लोभ नाही, काही नाही. यंत्र चालू होतं. डार्लाने खुर्ची ओढली आणि आपला तळवा लेकीच्या बोटाखाली सरकवला.

"केल्सी, मी आहे. मला एक सांगायचंय, आणि तुला उठून जाता येत नाही म्हणून सांगतेय असं समजू नकोस. मला शनिवारी नाही आठवलं. मला टेबलावरच आठवलं. तू वाढत होतीस तेव्हा. सगळं आठवलं, माझ्या आईने मारलं होतं ते, क्रॅमर लोक मेले ते. मी हेझलच्या ताटातल्या शेंगा काढून घेतल्या. माझ्या बटाट्याखाली लपवल्या. तुझ्या ताटातल्या नाही काढल्या."

बोट हललं नाही. डार्ला आता रडत होती, पण आवाज तिने खाली ठेवला होता.

"तू हसत होतीस गं. किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसत होतीस. मला वाटलं, बोलले तर हे संपलं. तू म्हणशील, हिला माझं एक चांगलं बघवत नाही. मी चुकले असते तर? शेंगा चांगल्या निघाल्या असत्या तर, मी ताटं उचलून फेकून दिली असती आणि काहीच झालं नसतं तर?" तिने नाक पुसलं. चौदा दिवस जो प्रश्न ती स्वतःला विचारत होती तो आता तिने लेकीला विचारला, कारण उत्तर एकटी केल्सीच देऊ शकत होती. "तसं मी केलं असतं, तर तू मला परत कधी घरात घेतलं नसतंस ना?"

यंत्राने चार-पाच श्वास घेतले. मग ते बोट तळव्यावर टेकलं आणि दाबलं गेलं, हलकंच, पण चुकायला नको इतकं स्पष्ट.

डार्लाने तळवा तसाच ठेवला. बोट दुसऱ्यांदा दाबेल, त्याचं नाही होईल, म्हणून ती वाट बघत राहिली. ट्रॉय जेवून वर आला, त्याने दार उघडलं, काय म्हणतेय आज, असं त्याने विचारलं, तरी ती वाट बघत होती.